लॅम्डा तेवढाच येते

मनोहर, तुझा फ्लेक्स पाहिला. जठारपेठेच्या कोपऱ्यावर, रसवंतीच्या शेजारी, विजेच्या खांबाला बांधलाय. फोटो निवृत्तीच्या दिवसाचा, गळ्यात हार, चेहऱ्यावर 'झालं का तुमचं?' असा भाव. खाली लाल अक्षरांत 'कै. मनोहरभाऊ ऊर्फ लॅम्डाभाऊ यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. ऑटोवाल्याला स्टेशनवर तुझ्या मुलीच्या घराचा पत्ता सांगायला लागलो, तर तो म्हणाला, "लॅम्डाभाऊकडे ना? बसा." अमरावतीत पडलेलं नाव निवृत्तीनंतर अकोल्यापर्यंत तुझ्या मागे आलं आणि आता तर छापून लागलं. ते नाव मी ठेवलं होतं. विसाव्या वर्षी, कॉलेजच्या कँटीनमध्ये, तुझी नक्कल करून. फ्लेक्स लावणाऱ्या पोरांना ते लाडाचं नाव वाटत असेल.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. तू असतास तर म्हणाला असतास, "बोल ना बाप्पा, तुले कोनं अडवलं?" म्हणून बोलतो. तू दुष्ट माणूस होतास. माझ्याशी तरी होतास, सलग तीस-पस्तीस वर्षं, आणि एकदाही आवाज न चढवता. सुरुवात मात्र मी केली होती, हेही लगेच सांगून टाकतो, नाहीतर पुढे सांगायचं राहून जाईल.

तेरवीला तुझ्या जावयाच्या माणसांना मी ओळख सांगितली, "आम्ही बी.एस्सी.ला पार्टनर होतो." त्यांना वाटलं, धंद्यातले. हजेरीच्या यादीत आपली आडनावं शेजारी होती, एवढ्यावर आपण वर्षभर प्रयोगशाळेत एका टेबलावर आलो. मी अमरावतीच्या वकिलाचा मुलगा, तू पातूरहून आलेला, बाह्या दुमडलेला. पहिल्याच दिवशी तू फळ्यावरच्या λ कडे बोट दाखवून मला विचारलंस, "हे कोन होय?" मी म्हटलं, ग्रीक अक्षर, लॅम्डा, म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी. तू वहीत तीनचारदा गिरवलंस. मग आठवड्याभराने किरणोत्साराच्या तासाला तेच अक्षर पदार्थ किती वेगाने झिजतो ते सांगायला आलं, आणि वायूंच्या धड्यात एका रेणूने दुसऱ्याला धडकेपर्यंत कापलेलं अंतरही लॅम्डाच निघालं. तू वही मिटलीस. "लेका, एका अक्षराले इतले मालक कावून?"

आपलं पहिलं भांडण तेच, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचो, अक्षर कुठे उभं आहे त्यावरून त्याचा अर्थ ठरतो, यात वावगं काय? तू म्हणायचास, एकदा तरंगलांबी म्हटलं की मरेपर्यंत तरंगलांबी. पुढे मी प्राध्यापक झालो, डोक्याला टक्कल पडलं, तरी तू फळा पुसता पुसता हे उकरून काढायचास. एकदा मी वैतागून म्हणालो, "अरे, जागा बदलली की अर्थ बदलतोच." तू डस्टर झटकलंस आणि म्हणालास, "हो. तुह्यासारखा."

आता तो प्रयोग. जो हे वाचेल त्याला कळायला हवा, म्हणून सोपा करून सांगतो. काचेची लहानशी चौकोनी पट्टी असते, तिला ग्रेटिंग म्हणतात. तिच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघा असतात, इंचाला हजारोंनी. सोडियमच्या पिवळ्या दिव्याचा उजेड तिच्यातून पाठवायचा, दुर्बीण फिरवत पिवळी रेघ कुठे दिसते ते पाहायचं आणि तो कोन मोजायचा. कोन आणि रेघांची संख्या सूत्रात घातली की लॅम्डा मिळतो. सोडियमचा लॅम्डा पाच हजार आठशे त्र्याण्णव अँगस्ट्रॉम. हे उत्तर सगळ्या जगाला पाठ आहे, आणि घोटाळा तिथेच आहे.

कारण उत्तर पाठ असलं की मोजतो कोण? आपल्याकडे रीडिंग घेत नसत, बसवत. आधी उत्तर लिहायचं, मग सूत्र उलटं चालवून कोन काढायचा, आणि अगदी तंतोतंत दिसू नये म्हणून चार-दोन अँगस्ट्रॉम इकडेतिकडे करायचे. ज्याला हे नीट जमे तो हुशार. आपल्या तिसऱ्या टेबलावरच्या ग्रेटिंगच्या डबीवर 'इंचाला पंधरा हजार रेघा' असं लेबल होतं. त्या हिशेबाने कोन वीस अंश बावीस मिनिटं यायला हवा. साऱ्या बॅचच्या जर्नलांत वीस बावीस होता, आधीच्या बॅचच्या जर्नलांतही. आपल्या पाळीच्या दिवशी मला घाई होती. आपण दुर्बिणीला डोळासुद्धा लावला नाही. मागल्या वर्षीचं एक जर्नल पुढे ठेवलं, आकडे उतरवले, सरांची सही घेतली आणि चहा प्यायला गेलो.

परीक्षेत चिठ्ठ्या उचलल्या. तुला तेच टेबल, तीच ग्रेटिंग. मला शेजारी लोलक. तू बावळट, खरंच मोजायला बसलास. तीनदा मोजलंस. अकोल्याहून आलेले बाहेरचे परीक्षक तुझ्यामागे येऊन थांबले तेव्हा तुझ्या कागदावर कोन होता सोळा अंश दहा मिनिटं, आणि लॅम्डा चार हजार सातशे चौदा. ज्याला आकडे कळत नाहीत त्याच्यासाठी सांगतो, हा लॅम्डा निळ्या उजेडाचा असतो.

परीक्षकांना विनोदाची हौस होती. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दिवा पिवळा, डोळ्यांना दिसतंय पिवळं, आणि कागदावर निळं? कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं. तुला उलटी कावीळ झालीय का रे?" सगळे हसले. मीही हसलो.

तू उठून उभा राहिलास. "सर, लॅम्डा तेवढाच येते."

"असा कसा येतो?"

"तीन डाव पाह्यलं सर. लॅम्डा तेवढाच येते. डबीवरचं लेबल चुकलं असंन."

"सगळ्या बॅचला बरोबर आलं, आणि तुझ्या एकट्यासाठी लेबल चुकलं? याचा पार्टनर कोण आहे?"

मी हात वर केला. तू माझ्याकडे पाहिलंस आणि तुझ्या चेहऱ्यावर एकदम हुशारी आली. सुटल्यासारखा श्वास सोडलास. परीक्षकांनी मला विचारलं, वर्षात तुम्हा दोघांना कोन किती आला होता?

"वीस बावीस, सर," मी म्हणालो.

तुझ्या तोंडाचं काय झालं ते मी पाहिलं नाही. मी लोलकाकडे वळलो होतो. परीक्षकांना उलट उत्तर दिलं म्हणून आणि पिवळ्याला निळं लिहिलं म्हणून तू प्रात्यक्षिकात नापास झालास. प्रात्यक्षिक गेलं की वर्ष गेलं. त्याच संध्याकाळी मी कँटीनमध्ये बाकावर उभा राहून, बाह्या दुमडून, तुझ्या आवाजात म्हणालो, "लॅम्डा तेवढाच येते!" हशा इतका झाला की मला दोनदा करून दाखवावं लागलं. तू दारात होतास हे मला नंतर कोणीतरी सांगितलं. तोपर्यंत नाव पडलेलं होतं.

तुझ्या वडिलांनी पातूरहून निरोप पाठवला की झालं तेवढं शिक्षण पुरे. आपल्या विभागप्रमुखांना दया आली. प्रयोगशाळेतले जुने परिचर त्याच वर्षी निवृत्त होत होते, त्यांच्या जागी त्यांनी तुला रोजंदारीवर घेतलं, पुढे कायम झालास. मी एम.एस्सी. करून त्याच विभागात प्राध्यापक म्हणून रुजू झालो तेव्हा तू उपकरणं पुसत होतास. चारचौघांत मला "सर" म्हणालास. एकटे असलो की "राजा". त्यातलं जास्त कोणतं बोचायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

रुजू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात मी दार लावून घेतलं आणि तिसऱ्या टेबलावर बसलो. पिवळा दिवा लावला, ती डबी उघडली, डोळा लावला. सोळा दहा. दुसरी ग्रेटिंग लावून पाहिली, तिच्याने कोन जिथे यायचा तिथे आला. पुन्हा ही लावली. सोळा दहा. मग गणित उलटं मांडलं. या पट्टीवर पंधरा नव्हे, बारा हजार रेघा होत्या. कंपनीतून की गोदामातून, कुणी तरी कधी तरी डबी बदलली होती, आणि वर्षानुवर्षं एकाही विद्यार्थ्याला, एकाही प्राध्यापकाला ते कळलं नाही. कळणार कसं? त्यासाठी पाहावं लागतं. ज्या एकाने पाहिलं त्याला आम्ही नापास केलं होतं.

दार उघडलं तर तू बाहेर, हातात चहा.

"काय आलं सर?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

तू मान हलवलीस. कपबशी टेबलावर ठेवलीस आणि ग्रेटिंग माझ्या हातातून काढून घेऊन डबीत ठेवलीस, पंधरा हजारांच्या लेबलाखाली. तुला ते केव्हाच ठाऊक झालेलं होतं. बारा हजारांचा हिशेब तू माझ्या कितीतरी आधी लावला होतास.

इथून पुढचं सगळं तुझ्या खात्यावर. ती डबी तू बदलली नाहीस. तुझ्या एका शब्दाने विभागप्रमुखांनी ती फेकून दिली असती. तू दरवर्षी परीक्षेच्या आदल्या दिवशी ती पुसून तिसऱ्या टेबलावर मांडायचास. पोरं यायची, उत्तरावरून कोन बसवायची, पैकीच्या पैकी गुण घ्यायची. एखादं पोर गोंधळून दुर्बिणीतून डोळा काढायचं, पुन्हा लावायचं, घामाघूम व्हायचं. तेव्हा तू फडकं घेऊन त्याच्या टेबलाशी जायचास आणि पुसता पुसता हळूच सांगायचास, "बारा हजार धर. बरोबर पाह्यलं तू." संध्याकाळी कुलूप लावताना मला म्हणायचास, "यंदा एक निघाली राजा. अंजनगावची हाय." किंवा, "यंदा कोनीच नाई."

मी एकदा भडकलो. म्हटलं, "तू पोरांना फसवतोस. विद्यार्थ्यांशी खेळतोस."

"मी कोनाले फसवलं? ज्यानं पाह्यलं त्याले सांगतलं."

"आणि बाकीच्यांचं?"

"बाकीच्यायले कुठी पायजे? त्यायले मार्क पायजे, ते तू देऊन राह्यला."

मी तेव्हा विभागप्रमुख झालो होतो. एक सही करून ती ग्रेटिंग मोडीत काढू शकलो असतो. पण कारण काय लिहिणार? 'लेबल चुकीचे' असं लिहिलं असतं तर कधीपासून, हा प्रश्न आला असता.

मग माझी केतकी कॉलेजात आली. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेत तिला कुठलं टेबल मिळावं? चिठ्ठ्या तूच घडी करून ठेवायचास, तेव्हा योगायोग वगैरे मी मानत नाही. ती घरी नाचतच आली, "बाबा, फिजिक्समध्ये पूर्ण!" दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेलो. तू काच पुसत होतास. तू मान वर न करता म्हणालास, "पोरगी तुह्यावर गेली, राजा."

मला तुझा त्या दिवसाइतका राग कधीच आला नाही. माझ्यावर जे काय उगवायचं ते उगव, लेकराला मध्ये कशाला ओढतोस? मी चार महिने तुझ्याशी बोललो नाही. केतकी आज परदेशात मोठ्या पगारावर आहे, सुखात आहे. फोनवर ती काही छान सांगायला लागली की मला वाटतं, हे घेतलेलं आहे की बसवलेलं? बापाला लेकीबद्दल असं वाटावं, ही तुझी देणगी.

तरी एक मान्य करतो. माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात एकही रीडिंग बसवलेलं नाही. शेकडो आहेत, सगळी घेतलेली. कारण त्या सगळ्या दिवसांत तू माझ्या बाजूला स्टुलावर बसून होतास. उपकरण तू समतल करायचास, दिवा तू तापवायचास, आणि मी डोळा काढला की म्हणायचास, "आनखी एक डाव." कंटाळून मी आकडा ठोकून द्यायला गेलो की तू नुसता खोकायचास. आयुष्यात मी एवढंच काम प्रामाणिकपणे केलं, ते तुझ्या खोकल्याच्या धाकाने. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी अकरा जणांचे आभार मानले आहेत. त्यात तू नाहीस. तू तो प्रबंध स्वतः बाइंडिंगला नेलास, आणलास, आणि पहिलं पान उघडून वाचलंस, हे मी पाहिलं आहे.

एकदा मी तुला पुन्हा परीक्षेला बसायला सांगितलं होतं. फॉर्म आणून ठेवला. म्हटलं, पदवी झाली तर बढती मिळेल, सगळं मी बघतो. तू फॉर्म उलटसुलट पाहिलास. "बसतो ना. कोनतं रीडिंग लिवू, तेवढं तू सांग." मी फॉर्म खणात टाकला. एवढं एक वाक्य मी म्हणावं म्हणून तू वाट पाहत होतास, हे मला तेव्हा कळलं होतं. कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

तू निवृत्त झालास तेव्हा शाल-नारळ नको म्हणालास. ती ग्रेटिंग मागितलीस. नोंदवहीत मी तिच्यापुढे 'तडा गेल्याने निकामी' असं लिहिलं आणि तुला दिली. तडा कुठेही नव्हता. सवय, दुसरं काय.

आणि परवा तुझी तेरवी. पंगत उठल्यावर शोभावहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. त्या पलंगावर बसल्या होत्या, मांडीवर ती डबी. लेबल पिवळं पडलंय, पण पंधरा हजार अजून वाचता येतं. मला हुंदका आला, खरंच आला. वहिनी आयुष्यभर मला भाऊजी म्हणत आल्या. त्या दिवशी म्हणाल्या, "सर, एक इचारू का? हे नापास कावून झाले होते?"

बाहेर भांडी घासण्याचा आवाज येत होता. खोलीत आम्ही दोघंच. परीक्षक नाहीत, विभागप्रमुख नाहीत, नोकरी संपलेली, पेन्शन चालू. खरं सांगायला याहून स्वस्त जागा मला पुन्हा मिळणार नव्हती.

"त्याला त्या दिवशी ताप होता, वहिनी," मी म्हणालो. "रीडिंग चुकलं बिचाऱ्याचं."

बिचाऱ्याचं. हा शब्दही मीच वापरला.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बाजारात भाव विचारून परत निघालेलं माणूस पाहतं तसं. मग म्हणाल्या, "त्यायनं जातानी सांगतलं होतं. म्हने, सर येतीन. त्यायले इचारजो मी नापास कावून झालो. खरं सांगतलं तं डबी देजो. नाई तं ठेवजो." आणि त्या उठल्या, कपाटात साड्यांखाली डबी ठेवली, किल्ली कमरेला खोचली. "चहा घेऊन जा सर," म्हणाल्या. मी चहा घेतला.

मरतानाही तू माझ्यासाठी तिसरं टेबल मांडून गेलास. आणि मी उत्तर आधी ठरवून आलो होतो.

अकोला ते बडनेरा गाडीत मी बसून होतो आणि हा लेख मनात सुरू झाला. घरी येऊन दोन दिवस लिहितोय. लिहून झालं की वहिनींना वाचून दाखवायचा, असं ठरवलं आहे. त्यांना किल्ली काढावीशी वाटली तर काढतील, नाहीतर नाही. पण आज सकाळी पहिल्यापासून वाचला आणि लक्षात आलं की यातही मी एक रीडिंग बसवलं आहे. वर लिहिलंय की आपल्या पाळीच्या दिवशी आपण दुर्बिणीला डोळा लावला नाही, मागल्या वर्षीचे आकडे उतरवले. ते खोटं आहे. ते खोडत नाही, राहू दे तसंच, शेजारी खरं लिहितो.

त्या दिवशी डोळा मी लावला होता, मनोहर. तू पेन्सिल घेऊन बसला होतास. पिवळी रेघ अगदी स्वच्छ दिसत होती. मी दोनदा पाहिलं आणि मोठ्याने म्हणालो, "सोळा दहा." तू लिहिलंस. मग मी तुझ्यापुढून कागद ओढला, रबराने ते खोडलं आणि म्हणालो, "सोड, वीस बावीस टाक." म्हणून परीक्षेत माझं नाव निघालं तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर हुशारी आली होती. तुला वाटलं, आता सुटलो, यानं तर माझ्याआधी पाहिलंय.